जुन्या प्रतीची पानं

शाळेत त्यांना कशावरूनबाई म्हणत. तोंडावर नव्हे, तोंडावर नुसतं बाई. पण जिन्यात, मधल्या सुट्टीत आणि खरं सांगायचं तर शिक्षकांच्या खोलीतसुद्धा त्या कशावरूनबाईच. कुणी काहीही म्हणालं की बाई मान जराशी तिरकी करून विचारायच्या, "कशावरून?" बाई, गोष्टीतली आई प्रेमळ आहे. कशावरून? बाई, आज फार उकडतंय. कशावरून? एकदा शिपाई सांगत आला की मुख्याध्यापिका आज रागात आहेत, तर त्यालाही सुटका नव्हती. त्या बिचाऱ्यानं पेला आपटल्याचा आवाज ऐकलाय असं सांगितलं, तेव्हा कुठे बाईंनी त्याचं म्हणणं मान्य केलं.

सव्वीस वर्षं त्या शाळेच्या शेवटच्या वर्गाला साहित्य शिकवत होत्या. या वर्गाला एक अख्खी कादंबरी असायची. गोष्ट साधी होती. नदीला पाणी चढलेलं असताना एक नावाडी एका माणसाला पलीकडे न्यायला नकार देतो. माणूस एकटाच पाण्यात उतरतो आणि बुडतो. मग गावभर एकच चर्चा, दोष नावाड्याचा की नाही? परीक्षेत या पुस्तकावर एक मोठा प्रश्न यायचा, आणि त्याला सगळ्यात जास्त गुण. पुस्तक जवळ ठेवून उत्तर लिहायची परवानगी होती. मत मांडा, पुरावा द्या, पानाचा क्रमांक लिहा, असं प्रश्नपत्रिकेतच छापलेलं असे.

आता परवानगी असली म्हणून पुस्तक कोण उघडतंय? शेजारच्या तुकडीला शिकवणारे गाइडसर उत्तरं लिहूनच द्यायचे. अक्षर मोत्यासारखं, फायली रंगवार लावलेल्या. "नावाडी हे मानवी स्वार्थाचे विदारक प्रतीक होय," हे वाक्य त्यांची चाळीसच्या चाळीस मुलं डोळे मिटून लिहीत, आणि पुस्तक पेपरभर बाकाच्या कोपऱ्यात मिटलेलं राही. सर माणूस वाईट नव्हता. "मुलांना मत विचारलं की त्यांच्या पोटात गोळा येतो," ते म्हणायचे. "उत्तर हातात दिलं की रात्री शांत झोपतात. मी त्यांची झोप सांभाळतो." आणि निकाल? निकाल त्यांचा दरवर्षी चांगलाच लागायचा. त्याला कोण काय बोलणार?

बाईही पंचवीस वर्षं लिहूनच देत होत्या, हे त्या कुणाला सांगत नसत. मग आदल्या वर्षी पेपर तपासताना त्यांना एकाच उत्तराची अडतीस रूपं सलग वाचावी लागली आणि त्यांना स्वतःचाच वैताग आला. अडतिसावं वाचून झाल्यावर त्या घरी नवऱ्याला म्हणाल्या, "मी मुलांना वाचायला शिकवते की टपाल वाटायला?" नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं. तो काचा पुसत म्हणाला, "टपालवाले निदान पत्ता तरी वाचतात." बाईंना ते लागलं. लागलं म्हणजे चांगलंच लागलं.

म्हणून या वर्षी त्यांनी खुंटीची पद्धत काढली. फळ्यावर एक खुंटी काढायची आणि सांगायचं, तुमचं मत म्हणजे सदरा. छान असेल, इस्त्रीचा असेल, पण खुंटी नसेल तर खाली पडणार. खुंटी म्हणजे पुस्तकातलं वाक्य, जसंच्या तसं, पान क्रमांकासकट. आणि हे दोन्ही झालं की तिसरं वाक्य 'म्हणून'ने सुरू करून सांगायचं, की या खुंटीवर हाच सदरा का टांगला, दुसरा का नाही. एवढंच. वह्यांच्या समासात लाल शाईनं फक्त एक शब्द लिहायच्या, 'खुंटी?'

सुरुवातीला आनंदीआनंद होता. "मला नावाडी आवडला कारण तो चांगला आहे." खुंटी? "मला नावाडी आवडत नाही कारण मला होड्या आवडत नाहीत." यावर बाईंनी पेन खाली ठेवून थोडा वेळ खिडकीबाहेर बघितलं. पण मुलं सोडून देण्यातली ती बाई नव्हे. रोज एक पान, रोज तीन वाक्यं, रोज लाल शाई. चार महिने हे दळण चाललं.

मग एका दुपारी, मुलं जांभया देत असताना, मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. ती प्रत्येक गोष्टीत उलटतपासणी घ्यायची म्हणून वर्ग तिला वकील म्हणायचा. "बाई, पान एकशे बारा," ती म्हणाली. "नावाडी घरी येऊन दोर कोपऱ्यात टाकतो. 'दोर अजून ठिबकत होता' असं लिहिलंय. पण तो तर सांगतो की मी घराबाहेर पडलोच नाही. आणि पाऊस दोन दिवसांपूर्वीच थांबलाय, ते पान एकशे चारवर आहे."

वर्गभर पानं उलटली. कुणीतरी हळूच म्हणालं, "म्हणजे तो वाचवायला गेला होता." दुसरं कुणी म्हणालं, "म्हणजे तो खोटं बोलतोय. पण स्वतःच्याच विरुद्ध?" आणि मग जो गोंधळ उडाला तो शेजारच्या वर्गातून गाइडसर बघायला येईपर्यंत चालू राहिला. बाई टेबलाला टेकून उभ्या होत्या. सव्वीस वर्षं त्या ते पान वाचत होत्या आणि त्यांना तो दोर कधी ओला दिसला नव्हता. त्या दिवशी घरी जाताना त्या वाटेत दोनदा एकट्याच हसल्या.

एवढं सगळं झालं तरी मुख्याध्यापिकांना हसू येत नव्हतं. सहामाहीत बाईंच्या तुकडीचे गुण गाइडसरांच्या तुकडीपेक्षा कमी आले. त्यांनी बाईंना खोलीत बोलावलं, दार लावलं आणि सरळ सांगितलं. "तुमचा हेतू चांगला आहे. पण पालक हेतू बघत नाहीत, गुण बघतात. वार्षिक परीक्षेत या प्रश्नाला तुमची तुकडी मागे पडली, तर पुढच्या वर्षापासून सगळीकडे सरांच्या फायली. तुम्हीसुद्धा त्याच लिहून द्यायच्या. कबूल?"

बाई कबूल म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार?

परीक्षेच्या आधी शेवटच्या तासाला बाईंनी सगळ्यांना एकच गोष्ट बजावली. पान क्रमांक विसरू नका. परीक्षक अनोळखी असतो. त्याला तुमचा चेहरा दिसत नाही, पान दिसतं. त्यानं ते पान उघडलं आणि तुमचं वाक्य तिथं सापडलं, की तुमच्यावर त्याचा विश्वास बसला. चौतीस मुलांनी माना डोलावल्या. शाळेच्या ग्रंथालयातल्या जुन्या, पुठ्ठ्याच्या बांधणीच्या प्रती त्यांना वाटलेल्या होत्या, त्याच घेऊन ती परीक्षेला गेली. पेपर बरा गेला. बाहेर पडताना वकील म्हणाली, "बाई, हात दुखला," आणि बाईंना वाटलं, हात दुखला म्हणजे जमलं असणार.

हे सुख तीन दिवस टिकलं. पेपरनंतर एका मुलाकडून शाळेची प्रत हरवली होती, तिची भरपाई म्हणून बाई पुस्तकांच्या दुकानात गेल्या. दुकानदारानं कपाटातून प्रत काढून दिली. नवी, गुळगुळीत, मुखपृष्ठावर निळी होडी. बाईंनी सवयीनं पान एकशे बारा उघडलं. तिथं बाजाराचं वर्णन होतं. माणसं भांडी विकत घेत होती. दोराचा पत्ता नव्हता.

त्यांनी मागं चाळलं. दोर पान एकशे एकवर ठिबकत होता.

"ही निराळी आहे का हो?" त्यांनी विचारलं.

"आवृत्ती नवी आहे," दुकानदार म्हणाला. "अक्षर बारीक केलंय, पानं कमी झाली. झाली की पाच-सहा वर्षं. आता सगळीकडे हीच चालते. परीक्षा मंडळसुद्धा हीच नेतं, परीक्षकांना वाटायला."

बाईंनी प्रत घेतली, पिशवीत टाकली आणि दुकानाच्या पायरीवरच बसल्या. चौतीस मुलं, प्रत्येकाचे पाच-सहा पुरावे, आणि एकही पान बरोबर नाही. परीक्षक पान उघडणार, तिथं भलतंच काहीतरी. पुन्हा उघडणार, पुन्हा भलतंच. तो म्हणणार, पोरांनी पुरावे मनानं रचलेत. गाइडसरांच्या मुलांनी पान लिहिलंच नाही, त्यांना कसलं भय? बुडाली ती फक्त बाईंची मुलं, आणि तीही बाईंनी सांगितलं तसं नेमकं केलं म्हणून. याच्याइतकं वाईट बाईंना आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

घरी नवऱ्याला सांगितलं. त्यानं दोन्ही प्रती शेजारी शेजारी ठेवून बघितल्या. "तुला जवळचं दिसत नाही हे मी लग्नात सांगितलं होतं," तो म्हणाला. मग बायकोचा चेहरा बघितला आणि दोन्ही प्रती मिटल्या. म्हणाला, "पत्र लिही मंडळाला. चूक तुझी, तर तुझ्या नावावर घे."

मुख्याध्यापिकांचं मत अगदी उलट. "अहो, परीक्षकांच्या लक्षातही येणार नाही कदाचित. आपण होऊन पायावर धोंडा कशाला पाडून घ्यायचा? आणि पेपर तपासणी चालू असताना पत्र पाठवलं तर मंडळ म्हणेल, शाळा दबाव आणतेय." बोलणं खोटं नव्हतं. बाई दोन रात्री तळमळल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी ठरवलं की आपण वर्षभर मुलांना सांगितलं पुरावा द्या, आणि आता आपलीच वेळ आल्यावर तोंड लपवायचं, हे काही जमायचं नाही.

मग त्या तक्ता करायला बसल्या. डाव्या बाजूला जुन्या प्रतीचं पान, उजव्या बाजूला नव्या प्रतीचं, मध्ये वाक्याचे पहिले चार शब्द. मुलांनी वर्षभरात वापरलेली सगळी वाक्यं. चार दिवस लागले. नवरा जेवायला हाक मारायचा तर त्या म्हणायच्या, "थांबा, मी एकशे साठवर आहे." तक्त्याबरोबर एक पत्र: चूक सर्वस्वी माझी आहे, मुलांना दोष देऊ नये, गुण कापायचेच असतील तर माझ्या नोकरीतून कापा. नवऱ्यानं शेवटचं वाक्य खोडायला लावलं. "नोकरीतून गुण कसे कापतात, ते विचारतील," तो म्हणाला.

मंडळाचं कार्यालय तीन मजली होतं आणि लिफ्ट बंद होती. दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीपाशी एक कारकून बसला होता, कानावर पेन्सिल, समोर गठ्ठ्यांचा डोंगर. बाईंनी शाळेचा क्रमांक सांगितला, पत्र सरकवलं आणि सगळं एका दमात सांगून टाकलं.

कारकुनानं पत्र उघडलंच नाही. "तुमचा गठ्ठा तर परवाच संपला की."

"संपला?"

"तपासून झाला. गुण भरले. आता काही बदलत नाही, ना वर ना खाली." बाईंचा चेहरा पडलेला बघून त्यानं वही पुढं ओढली. "शाळेला द्यायचा शेरा आहे बरं का एक. उद्या टपालानं यायचाच होता, आता आलाच आहात तर घेऊनच जा. सही करा इथं."

बाईंनी सही केली. कागद उघडला. परीक्षकाचं अक्षर तिरकं आणि घाईचं होतं.

'या तुकडीच्या सर्व चौतीस उत्तरपत्रिकांच्या आरंभी एकच ओळ आहे: "पान क्रमांक शाळेतील जुन्या प्रतीचे आहेत. नव्या प्रतीत पाहताना दर दहा पानांमागे एक पान कमी धरावे." चौतीस जागी एकच ओळ पाहून मला प्रथम सामूहिक नक्कल असल्याचा संशय आला व मी गठ्ठा बाजूला काढला. नंतर हिशेब करून पाने पडताळली. सर्व सापडली. त्या एका ओळीनंतर मात्र या मुलांपैकी कोणत्याही दोघांचे एकमेकांशी पटत नाही. बऱ्याच वर्षांनी मला ही कादंबरी पुन्हा वाचावीशी वाटली.'

बाईंनी ते दोनदा वाचलं. मग पिशवीत हात घातला. चार दिवस खपून केलेला सात पानी तक्ता त्यांच्या पिशवीत होता, आणि पोरांनी तेच काम एका ओळीत केलं होतं. "दर दहामागे एक," त्या पुटपुटल्या. "अगंबाई, खरंच की."

"पाणी देऊ का?" कारकुनानं विचारलं.

"नको," बाई म्हणाल्या आणि रडायलाच लागल्या. सुटल्यासारखं रडल्या, मोकळं, भर कार्यालयात, रांगेतल्या दोन शिपायांसमोर. कारकून दोन मिनिटं गठ्ठ्याची दोरी सोडत आणि बांधत बसला.

निकालाचं आत्ताच सांगून टाकावं, उगाच कुणाचा जीव टांगणीला नको. तो तीन आठवड्यांनी लागला. त्या प्रश्नाला बाईंची तुकडी गाइडसरांच्या तुकडीपेक्षा पुढे होती. फार नाही, पण पुढे. मुख्याध्यापिकांनी फायलींचा विषय पुन्हा काढला नाही. गाइडसर एक दिवस जिन्यात थांबून, इकडेतिकडे बघत म्हणाले, "ते दोराचं... पान कितवं म्हणालात?" बाईंनी दोन्ही क्रमांक सांगितले.

पण त्या दिवशी, कार्यालयातून निघाल्यावर, बाई घरी गेल्या नाहीत. वकिलाच्या आईचं शिवणकामाचं छोटं दुकान होतं, तिकडे गेल्या. मुलगी आईला बटणांची काजी करून देत बसली होती. बाईंना बघून ती उठून उभी राहिली, आईनं मशीन थांबवलं.

"ती पहिली ओळ," बाई म्हणाल्या. "कुणाची कल्पना?"

मुलीनं सुई कापडात खोवली. "माझ्या मावसबहिणीकडे नवी प्रत आहे, दुसऱ्या शाळेत असते ती. परीक्षेच्या आधीच्या रविवारी मी तिच्याकडे गेले होते. बघितलं तर एकही पान जुळेना. मग आम्ही सगळे भेटलो. कुणी म्हणे नवी पानं लिहू, पण हातात जुनी प्रत, चुकायची भीती. मग हिशेब घातला तर दहामागे एक निघालं."

"मला का नाही सांगितलंत?"

मुलीनं आईकडे बघितलं. आई म्हणाली, "सांग की. आता काय."

"वर्गात दोन मतं होती, बाई," मुलगी म्हणाली. "काहीजण म्हणत होते की तुम्ही मुद्दाम केलंय. आम्ही तपासतो का ते बघायला. काहीजण म्हणत होते की तुमच्या लक्षातच आलेलं नाही."

बाई हळूच स्टुलावर बसल्या. "आणि?"

"मग आम्ही पुरावे काढले. मुद्दामच्या बाजूनं एकच होता, की तुम्ही नेहमी असलंच काहीतरी करता. लक्षात न आल्याच्या बाजूनं दोन. एक म्हणजे, आवृत्तीचं साल ज्या पानावर असतं, त्यावर तुमच्या प्रतीत कव्हराची घडी चिकटवलीय. जुनी दिसते, कडेनं पिवळी पडलीय. म्हणजे तुम्ही ते पान किती वर्षं बघितलेलंच नाही. आणि दुसरं," ती जरा अडखळली, "तुम्ही काही लपवून ठेवलेलं असलं, की आमच्याकडे पाठ करून फळा पुसता. शेवटच्या तासाला तुम्ही आमच्याकडे बघून सांगत होता. म्हणून."

आईनं हसू लपवायला मान खाली घातली. बाईंना वर्षभर वाटत होतं की आपण मुलांना वाचतोय.

"मतं किती पडली?"

"अठ्ठावीस, लक्षात आलं नाही म्हणून. सहा मुद्दाम म्हणून." मुलीनं नाक मुरडलं. "मी सहांत होते. हरले."

"आणि अठ्ठावीस जणांना कळलं होतं, तरी एकही माझ्याकडे आला नाही?"

"परीक्षा दोन दिवसांवर आली होती, बाई. तुम्ही घाबरला असता. दोन-तीन दिवस झोपला नसता. आमचं आम्हाला जमत होतं, मग उगाच तुम्हाला कशाला त्रास?"

वर्षभर बाईंना एकच धास्ती होती, की आपण शेजारी उभ्या नसलो की पोरं पुस्तक मिटतील आणि कुणीतरी सांगेल तेच लिहून मोकळी होतील. इथं पोरांनी पुस्तकच काय, बाईसुद्धा तपासून घेतल्या होत्या. चूक शोधली, दुरुस्त केली, आणि वर बाईंची झोपही सांभाळायला बघितली. ती झोप काही सांभाळली गेली नाही, पण त्यात त्यांचा काय दोष?

"रागावलात का?" मुलीनं विचारलं.

"नाही गं," बाई म्हणाल्या. त्या हसत होत्या. "अठ्ठावीसजणांचं बरोबर आहे. माझ्या लक्षातच आलं नव्हतं."

आईनं आतून चहा आणला. बाईंनी तो सावकाश प्यायला, दुसरा कपही मागून घेतला, आणि शेजारी मुलगी काजी करत असताना बराच वेळ काहीही न विचारता नुसत्या बसून राहिल्या.